एका सौद्यात किती रक्कम घालावी?

जुगार आपल्यात हरामच. पण त्याच्या गणितातून निघालेला एक हिशेब व्यापाऱ्याने जाणून घ्यावा. अमेरिकेतील बेल लॅबचे जॉन केली यांनी तो १९५६ मध्ये मांडला. गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी तो आधी पत्त्यांत, नंतर शेअरबाजारात वापरला.

लावले तेवढेच मिळते किंवा जाते, अशा डावात शंभरात ६० वेळा जिंकण्याची शक्यता असेल, तर दर वेळी जवळच्या रकमेचा २० टक्केच हिस्सा लावावा (६० वजा ४०). पाचांत तीन डाव जिंकले, दोन हरले, तर १०० रुपयांचे सुमारे १११ होतात. ४० टक्के लावत गेल्यास मात्र ९९ सुद्धा उरत नाहीत!

कापडाच्या बाजारात ही शक्यता नेमकी कळत नाही. म्हणून ईदच्या मालातही आम्ही हिशेबाने येईल त्याच्या निम्माच हिस्सा घालतो. उधारीची रक्कम त्यात धरत नाही.