वार्धक्यातील रोगप्रतिकारशक्ती आणि नागिणीची लस

‘या वयात लस टोचून काय उपयोग?’ असा प्रश्न वृद्धांचे नातेवाईक नेहमी विचारतात. प्रश्न अगदीच अस्थानी नाही. छातीच्या हाडामागील यौवनलोपी ग्रंथीत ‘टी’ पेशी परिपक्व होतात. परंतु ही ग्रंथी तारुण्यापासूनच आकसू लागते व तिची जागा चरबी घेते. त्यामुळे उतारवयात ताज्या पेशींचा पुरवठा मंदावतो आणि जुन्या पेशींची स्मृतीही क्षीण होते.

नागीण हे त्याचे ठळक उदाहरण होय. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या मज्जापेशींत सुप्त राहतो. पेशींचा पहारा सैल पडताच तो मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो व शरीराच्या एकाच बाजूस फोडांचा पट्टा उठतो. नागिणीचे तोंड व शेपटी जुळल्यास रोगी दगावतो, ही समजूत निराधार आहे. खरे भय निराळेच. फोड सुकल्यावरही आग व ठणका महिनोन्‌महिने राहू शकतो. काहींना अंगावरील वस्त्राचा स्पर्शही सोसत नाही.

अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या लसीत दुर्बल केलेला जिवंत विषाणू होता. तोही मुलांच्या कांजिण्यांच्या लसीच्या किमान चौदापट. तरीही साठ ते एकोणसत्तर वयोगटात तिने सुमारे ६४ टक्के, तर सत्तरीपुढे अवघे ३८ टक्के संरक्षण दिले. जेथे गरज अधिक, तेथेच ती उणी पडली.

पुढील लसीत संशोधकांनी मात्रेऐवजी इशारा तीव्र केला. तीत विषाणूचे केवळ एक प्रथिन असते व सोबत प्रतिकारशक्तीस जागे करणारे साहाय्यक द्रव्य. त्या द्रव्याचा एक घटक चिलीतील एका वृक्षाच्या सालीतून मिळतो; आपल्या रिठ्याप्रमाणे ही सालही फेस देते. २०१५ व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत सत्तरीपुढील व्यक्तींतही या लसीचे संरक्षण सुमारे ९० टक्के आढळले. म्हणजे वृद्ध शरीर शिकण्यास असमर्थ नसते. त्यास हाक मोठ्याने द्यावी लागते, इतकेच.

ही लस पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा घ्यावयाची असते. भारतात ती २०२३ पासून मिळते. किंमत मात्र सामान्य कुटुंबास जड आहे. टोचल्यावर एक-दोन दिवस दंड दुखणे, अंग मोडून येणे किंवा ताप हे अपेक्षितच असते. त्यास्तव दुसरी मात्रा टाळू नये. पूर्वी नागीण होऊन गेलेल्यांनीही वैद्यकीय सल्ल्याने ती घ्यावी. लस न घेतलेल्या वृद्धास फोड उठल्यास गेरूचा लेप लावीत न बसता बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांकडे न्यावे, कारण विषाणूरोधक औषधाचा गुण त्या मुदतीत अधिक येतो.