दम वाढवायचा तर घाई नको : सायकलपटूंच्या सरावातून शिकण्यासारखे

विहारामागच्या मैदानावर पहाटे पाचपासून पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुले-मुली पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. रोज घड्याळ लावून, रोज जीव तोडून आणि बहुतेक उपाशीपोटी. मागच्या उन्हाळ्यात त्यातला एक मुलगा तिसऱ्या फेरीत कोसळला. मांड्या आणि कमरेत असह्य कळा, पाय उचलेनात, श्वास पुरेना. वेळेत दवाखान्यात पोहोचला म्हणून वाचला. रक्त तपासले तेव्हा कळले की तो सिकलसेलचा वाहक आहे. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत त्याची ही साधी तपासणी कधी झालीच नव्हती.

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर दम कसा वाढवतात ते समजून घेऊ. हा धडा आपण रस्त्यावरच्या शर्यतीत उतरणाऱ्या व्यावसायिक सायकलपटूंकडून घेणार आहोत, कारण दमाची इतकी मोठी परीक्षा फार थोड्या खेळांत असते. फ्रान्सची ‘टूर द फ्रान्स’ शर्यत २१ टप्प्यांची असते आणि ती तीन आठवडे चालते. २०२४ साली तिचे एकूण अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर होते. एका टप्प्यात चार-पाच तास सायकल चालवायची, रात्री झोपायचे आणि सकाळी पुन्हा खोगिरावर बसायचे. मधे विश्रांतीचे दिवस फक्त दोन.

अस्मारा शहराचा मुलगा

याच शर्यतीत १ जुलै २०२४ रोजी इटलीतल्या तुरिन शहरात संपलेला टप्पा बिनियम गिरमे याने जिंकला. दोनशे तीस किलोमीटरच्या या टप्प्याचा निकाल शेवटच्या काहीशे मीटरच्या धावेत लागला. या शर्यतीचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू. त्या वर्षी त्याने आणखी दोन टप्पे जिंकले आणि गुणांसाठीचा हिरवा सदराही पटकावला.

बिनियम मूळचा आफ्रिकेतल्या एरिट्रिया देशाचा. त्याचे गाव अस्मारा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंच आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे त्याचे घरच कळसूबाईच्या पुष्कळ वर. एरिट्रियावर पूर्वी इटलीची सत्ता होती. सायकल तिथे इटालियनांनी आणली, पण शर्यती त्यांच्यापुरत्याच होत्या, स्थानिक माणसांना त्यात जागा नव्हती. १९३९ साली एका शर्यतीत एरिट्रियन सायकलपटूंना इटालियनांसोबत उतरू दिले गेले आणि ती घेब्रेमरियम घेब्रू या एरिट्रियन माणसाने जिंकली. दाराबाहेर ठेवलेल्या माणसाला एकदा आत येऊ दिले की काय होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. पण आत आल्यावर टिकून राहायचे तर मेहनतीला पद्धत लागते. तीच आता पाहू.

शरीरात दम म्हणजे काय

स्नायूंना काम करायला इंधन आणि ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन रक्तातले हिमोग्लोबिन वाहून नेते आणि रक्त पुढे ढकलते हृदय. आठवड्यांमागून आठवडे नेमाने व्यायाम केला की शरीरात तीन बदल होतात. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. म्हणून साध्या माणसाची बसल्या जागची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते, तर कसलेल्या सायकलपटूची चाळीस-पन्नासच्या आसपास असू शकते. दुसरे, स्नायूंमध्ये केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात. तिसरे, स्नायूंच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक चुली असतात, त्यांची संख्या आणि ताकद वाढते. इंधन या चुलींत जळते.

हे बदल एका दिवसाच्या जोरावर होत नाहीत. आणि सराव सोडला तर दोन-तीन आठवड्यांतच दम उतरायला लागतो.

बहुतेक सराव हळू

व्यावसायिक सायकलपटू वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर सायकल चालवतात. एवढे सगळे ते जोरात चालवत असतील असे आपल्याला वाटते. तसे नाही. त्यांच्या सरावाचा मोठा भाग, ढोबळमानाने पाचातले चार भाग, हळू असतो. तीन-चार-पाच तास, पण शेजारच्याशी गप्पा मारता येतील अशा वेगाने. उरलेला थोडा भाग मात्र खरोखर जोराचा : काही मिनिटे चढावर जोर, मग काही मिनिटे सावकाश, पुन्हा जोर.

असे का? हळू चालवताना शरीर मुख्यतः चरबी जाळते आणि वर सांगितलेल्या चुली वाढतात. थकवा कमी येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव करता येतो. रोज जोर लावला तर स्नायूंची झीज भरून निघत नाही. पाय जड होतात, गुडघे-नडग्या दुखतात, झोप उडते आणि वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडते.

त्यांच्या सायकलला जोर मोजणारे यंत्र असते. आपल्याला त्याची गरज नाही, आपले यंत्र म्हणजे आपले तोंड. पळताना किंवा सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग हळू. दोन-तीन शब्दांतच श्वास घ्यावा लागला तर वेग जोराचा. आठवड्यातले बहुतेक दिवस पूर्ण वाक्याचे असावेत.

वीणेची तार

भिक्खू सोणाची गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. तो इतका चंक्रमण करत राहिला की तळपायातून रक्त आले, तरी मनासारखी प्रगती होईना. तेव्हा तथागतांनी त्याला वीणेची आठवण करून दिली. सोण गृहस्थ असताना वीणा वाजवत असे. तार फार ताणली तर सूर नीट लागत नाही, फार सैल ठेवली तरी लागत नाही. आपल्या अष्टांगिक मार्गातल्या सम्यक व्यायामाचा अर्थ मनाच्या प्रयत्नाचा आहे, हे खरे. पण ही समज मैदानावरही तितकीच लागू पडते.

सायकलपटू तार सैल कशी सोडतात? तीन आठवडे सराव थोडा-थोडा वाढवला की चौथ्या आठवड्यात तो मुद्दाम कमी करतात. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती किंवा अगदी हलकी फेरी. रात्री आठ-नऊ तास झोप. ताकद सरावानंतरच्या आरामात तयार होते, म्हणून विश्रांतीला ते सरावाचाच भाग मानतात.

एक सोपी खूण सांगतो. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, मनगटावरची नाडी अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. आठवडाभर वहीत लिहा. नंतर एखाद्या दिवशी ती नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त आली तर त्या दिवशी जोर लावू नका. थकवा राहिलेला असतो किंवा ताप येऊ घातलेला असतो.

उपाशीपोटी जोर नाही

स्नायू आणि यकृतात साखरेचा साठा असतो, साधारण चार-पाचशे ग्रॅम. जोराच्या कामात तो दीड-दोन तासांत संपत येतो. संपला की हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून सायकलपटू शर्यतीत दर तासाला ६० ते ९० ग्रॅम, काही जण त्याहूनही जास्त पिष्ट-शर्करा पोटात घालतात. भाताच्या वड्या, केळी, गोड पाणी. कठीण टप्प्याच्या दिवशी त्यांना पाच-सहा हजार कॅलरी लागू शकतात.

आपली मुले तासभर पळतात, त्यांना एवढे लागत नाही. पण रात्रीची भाकरी अर्धीच मिळाली आणि सकाळी रिकाम्या पोटी शर्यतीसारखे पळाले तर शरीर स्वतःचेच मांस खर्च करते. पळण्याआधी अर्धा-पाऊण तास एक केळे किंवा गूळ-पोळीचा तुकडा पुरे. परत आल्यावर तासाभरात वरण-भात, उसळ, अंडे, सुकट, भाजलेले चणे-गूळ, घरात जे असेल ते. महागड्या डब्यातली पावडर लागत नाही.

पाणी तहान लागण्याआधी प्या. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे. उन्हात फार घाम गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे प्या. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत सराव संपवा.

सुईच्या वाटेने जाऊ नका

उंचावर राहिल्याने रक्तातल्या लाल पेशी वाढतात, म्हणून सायकलपटू डोंगरावर सरावाला जातात. काहींनी तेच काम इंजेक्शनने करून घेतले. लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकन सायकलपटूने सात वेळा टूर जिंकली होती, पण बंदी असलेली औषधे वापरल्यामुळे २०१२ साली सातही विजेतेपदे काढून घेतली गेली. अशा इंजेक्शनने रक्त घट्ट होते, गुठळी होऊन माणूस दगावू शकतो. भरतीच्या काळात कुणी ‘ताकदीची सुई’ देऊ केली तर घेऊ नका. पाचवे शील आपल्याला शुद्ध राखायला सांगते, ते शरीरालाही लागू आहे असे आम्ही मानतो.

आधी रक्त तपासा

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. सरकारी आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी मोफत होते. ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिस करून वाहक की रुग्ण ते ठरते.

वाहक माणूस निरोगी आयुष्य जगतो, व्यायामही करू शकतो. पण उष्मा, पाण्याची कमतरता आणि एकदम जीव तोडून केलेले श्रम हे तिन्ही एकत्र आले तर त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. अमेरिकेत सैन्यात आणि खेळाडूंमध्ये वाहक तरुण असे दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून वाहकाने सराव हळूहळू वाढवावा, पाणी भरपूर प्यावे, कळा सुरू झाल्या की तिथल्या तिथे थांबावे आणि प्रशिक्षकाला आधीच सांगून ठेवावे. रुग्णाने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सराव सुरू करू नये.

मुलींचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि मुलांचे १३ च्या खाली असेल तर आधी उपचार, मग वेग. मात्र सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. पळताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेले असणे, यातले काही असेल तर हृदयाची तपासणी करून घ्या.

आठवड्याचा नमुना

सोमवार : विश्रांती. मंगळवार : ३० मिनिटे हळू पळणे. बुधवार : १० मिनिटे हळू, मग ४०० मीटर जोरात चार वेळा, प्रत्येक वेळी मधे तीन मिनिटे चालणे. गुरुवार : ३० मिनिटे हळू किंवा तासभर सायकल. शुक्रवार : हलका व्यायाम, गोळाफेकीचा सराव. शनिवार : १०० मीटरच्या पाच-सहा धावा, पूर्ण दम घेत घेत. रविवार : ५० ते ६० मिनिटे हळू. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिले सहा आठवडे बुधवार-शनिवारचा जोर टाळून नुसते हळू पळावे.

सायकल जुनी असली तरी चालते. खोगीर एवढे उंच ठेवा की पायंडल खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा. खोगीर खाली असले की गुडघे दुखतात. साखर किंवा रक्तदाब असलेल्या माता-पित्यांनी डॉक्टरांना विचारून हाच नियम पाळावा : गप्पा मारता येतील एवढ्या वेगाने, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास.

तो मुलगा आता पुन्हा मैदानावर येतो. खिशात रक्ताच्या तपासणीचा कागद, हातात पाण्याची बाटली. पहिल्या महिन्यात सगळे त्याच्या पुढे पळत होते आणि तो शांतपणे मागे होता. येत्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारातच वस्तीतल्या सगळ्या मुला-मुलींची यादी करू आणि सोबत आरोग्य केंद्रात जाऊ. एकट्या घराला जे लाजेचे वाटते, ते दहा घरांनी मिळून केले की सोपे होते.

जय भीम! नमो बुद्धाय!