फादर हेन्री हेरास : जुन्या कागदांचे राखणदार

इतिहास म्हटला कीं पुष्कळ विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें सनावळी, लढाया आणि राजांचीं नांवें उभीं राहतात. तीं पाठ करावीं, परीक्षेंत लिहावीं आणि विसरून जावीं, असा क्रम बहुधा चालतो. परंतु अमुक लढाई अमुक सालीं झाली, हें प्रथम कोणाला व कशावरून कळलें, असा प्रश्न फारच थोडे विद्यार्थी विचारतात. पाठ्यपुस्तकांतील प्रत्येक वाक्यामागें कोणीतरी जपून ठेवलेला एखादा कागद, ताम्रपट, शिलालेख किंवा नाणें उभें असतें. राजाचें नांव पुस्तकांत येतें, सेनापतीचें येतें. पण ज्यानें तो कागद वाळवीपासून वांचविला, तो मात्र पडद्याआड राहतो. अशाच एका राखणदाराची ओळख या लेखांत करून देण्याचा विचार आहे.

फादर हेन्री हेरास यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजीं स्पेन देशांतील बार्सिलोना शहरीं झाला. तरुणपणींच ते येशूसंघांत दाखल झाले. या संघाच्या व्रतस्थांना दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन हीं तीन व्रतें घ्यावीं लागतात. स्वतःचें घर नाहीं, संसार नाहीं, संपत्ति नाहीं. १९२२ सालीं ते मुंबईस आले आणि सेंट झेवियर कॉलेजांत इतिहास शिकवूं लागले. तेथें आल्यावर कोणता इतिहास शिकवाल, असें त्यांना विचारण्यांत आलें; तेव्हां येथील विद्यार्थ्यांना कोणता इतिहास सर्वांत कमी ठाऊक आहे, असा त्यांनीं उलट प्रश्न केला. हिंदुस्थानचा, असें उत्तर मिळतांच, मग मी तोच शिकवीन, असें ते म्हणाले, अशी गोष्ट त्यांच्याविषयीं सांगतात. परक्या देशांतून आलेल्या मनुष्यानें आपल्याच देशाचा इतिहास आपल्या मुलांना शिकविण्याचें पत्करावें, यांत त्यांची थोरवी तर आहेच. पण आपल्याला विचार करावयास लावणारेंही त्यांत कांहीं आहे.

शिकवावयाचें तर साधनें हवींत. म्हणून १९२६ सालीं फादर हेरास यांनीं त्या कॉलेजांत भारतीय इतिहासाच्या संशोधनाची एक संस्था स्थापिली. तेथें ग्रंथ, हस्तलिखितें, नाणीं, मूर्ति, जुनीं चित्रें असा संग्रह हळूहळू वाढत गेला. त्याच सालीं इतिहास कसा लिहावा याविषयीं हिंदी विद्यार्थ्यांकरितां त्यांनीं एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. एका हातानें साधनें गोळा करावीं व दुसऱ्या हातानें तीं वापरण्याची रीत शिकवावी, असें त्यांचें काम होतें. योगायोग असा कीं, मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें गांवोगांव पायीं हिंडून जमविणारे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचें निधन त्याच १९२६ सालच्या शेवटच्या दिवशीं झालें. एकाचा जन्म कोंकणी ब्राह्मणाच्या घरचा, दुसऱ्याचा स्पेन देशांतला. परंतु साधनांवांचून इतिहास नाहीं, हा दोघांचाही निर्धार एकच होता.

आतां त्यांची रीत एका उदाहरणानें पाहूं. १५६५ सालीं तालिकोटची लढाई झाली, रामराय मारला गेला, विजयनगर शहर उध्वस्त झालें, हें आपण शाळेंत शिकतों. त्याबरोबर तें राज्यही संपलें, असा पुष्कळांचा समज असतो. फादर हेरास यांनीं १९२७ सालीं विजयनगरच्या अरविडु घराण्यावर ग्रंथ लिहून, लढाईनंतर त्या राज्याचें पुढें काय झालें, तें सविस्तर दाखविलें. राजधानी पेनुकोंड्यास गेली, पुढें चंद्रगिरीस व वेल्लोरास गेली. राज्य खंगत गेलें, पण तें त्या एका दिवशीं बुडालें नाहीं.

हें कशावरून ठरविलें? येथेंच शिकण्यासारखी गोष्ट आहे. त्या काळीं येशूसंघाचे कांहीं पाद्री चंद्रगिरीच्या दरबारीं होते. आपल्या वरिष्ठांना वेळोवेळीं वृत्तान्त लिहून पाठविण्याचा त्यांच्या संघाचा शिरस्ता होता. तीं पत्रें जपून ठेवलेलीं होतीं. पण फादर हेरास केवळ आपल्या संघाच्या पत्रांवर विसंबून राहिले नाहींत. पत्र लिहिणारा पाद्री दरबार डोळ्यांनीं पाहतो, परंतु परक्या देशाच्या चालीरीती त्याला पुरत्या कळत नाहींत. ताम्रपटांत तिथि व दान नेमकें सांपडतें, परंतु राजाची स्तुति अतिशय असते. विजापूरच्या आश्रयास राहून लिहिणारा फेरिस्ता जिंकणाऱ्यांच्या बाजूनें बोलतो. म्हणून हे सर्व साक्षीदार समोरासमोर उभे करावयाचे, एकाचें बोलणें दुसऱ्याच्या बोलण्याशीं ताडून पाहावयाचें, आणि मग निर्णय द्यावयाचा. न्यायाधीश एकाच साक्षीवर निकाल देत नाहीं. इतिहासकारानेंही देऊं नये.

या रीतीनें तयार झालेल्या त्यांच्या शिष्यांनीं पुढें स्वतंत्र ग्रंथ लिहिले. त्यांपैकीं गोमंतकीय संशोधक जॉर्ज मोरायस यांचा कदंब घराण्यावरील ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. बनवासीच्या व गोव्याच्या कदंब राजांविषयीं ज्याला जाणावयाचें आहे, त्याला तो ग्रंथ अजूनही उपयोगी पडतो.

येथपर्यंत यशाची गोष्ट झाली. परंतु थोरांच्या चरित्रांतून केवळ यशच वेंचून घेणें बरें नव्हे. फादर हेरास यांच्या आयुष्याचीं पुढलीं पुष्कळ वर्षें मोहेंजोदडोच्या मुद्रांवरील लिपि वाचण्यांत गेलीं. ती भाषा द्राविडी कुळांतील असावी, असें त्यांचें मत होतें. त्या मुद्रांवर माशाचें चिन्ह वारंवार येतें. द्राविडी भाषांत ‘मीन’ या शब्दाचा अर्थ मासा असा आहे आणि ताराही आहे. म्हणून माशाचें चित्र काढून ताऱ्याचा अर्थ सुचविला असेल, असा त्यांचा तर्क होता. या विषयावर १९५३ सालीं त्यांनीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. माशाविषयींची त्यांची कल्पना पुढील कांहीं पंडितांनाही विचार करण्याजोगी वाटली. परंतु त्यांनीं लाविलेलें एकंदर वाचन विद्वानांनीं मान्य केलें नाहीं, व ती लिपि आजही निर्विवादपणें वाचली गेलेली नाहीं.

मग ते श्रम व्यर्थ गेले काय? विद्यार्थ्यांनीं या प्रश्नाचा शांतपणें विचार करावा. मनुष्याचे तर्क काळाबरोबर जुने होतात. आज खरा वाटणारा सिद्धान्त उद्यां नव्या पुराव्यापुढें टिकत नाहीं, आणि त्यांत लाज मुळींच नाहीं. परंतु जपून ठेवलेलें साधन जुनें झाल्यानें अधिकच मोलाचें होतें, कारण पुढच्या पिढीला त्याच साधनावरून मागच्या पिढीची चूक सुधारतां येते. ज्यानें साधनें सांभाळलीं, त्यानें आपलें मत खोडून काढण्याची सोयही दुसऱ्यांच्या हातीं देऊन ठेविली. याहून मोठा प्रामाणिकपणा कोणता?

१४ डिसेंबर १९५५ रोजीं मुंबईस फादर हेरास यांचें देहावसान झालें. त्यांच्या पश्चात् त्या संशोधन संस्थेला त्यांचेंच नांव देण्यांत आलें, आणि १९८१ सालीं भारत सरकारच्या टपाल खात्यानें त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढलें. ज्यानें स्वतःकरितां कांहीं ठेविलें नाहीं, त्यानें इतरांकरितां केवढा ठेवा मागें ठेविला!

पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं मिळून करण्यासारखें एक काम यांतून निघतें. आपल्या घरांतील माळ्यावर, जुन्या ट्रंकेंत किंवा रुमालांत बांधलेले कागद असतील : आजोबांचीं पत्रें, जमाखर्चाच्या वह्या, शेताचीं खतें, मोडी लिपींतील एखादें दप्तर. घर बदलतांना किंवा सणापूर्वीं साफसफाई करतांना असे कागद रद्दींत जातात, आणि एकदां गेले म्हणजे कोणत्याही पंडिताला ते परत आणतां येत नाहींत. म्हणून पहिली गोष्ट, वाचतां येत नाहीं एवढ्यासाठीं कोणताही कागद फेकूं नये. मोडी जाणणारा मनुष्य शोधावा. दुसरी गोष्ट, कागद ओलीपासून दूर ठेवावेत, व फाटलेल्या कागदाला डिंक किंवा चिकटपट्टी लावूं नये. तिसरी गोष्ट, हा कागद कोणाचा, कोठें सांपडला व केव्हां सांपडला, हें मूळ कागदावर न लिहितां वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्याजवळ ठेवावें. चौथी गोष्ट, घरांतील वडील माणसें जें सांगतात, तें त्यांच्या हयातींतच लिहून घ्यावें व त्याखालीं तारीख घालावी.

हें काम करण्यास पदवी लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. थोडी आस्था व पुष्कळ धीर लागतो. येत्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें घरचा एक तरी कागद या रीतीनें जपून ठेवावा. फादर हेरास यांचें स्मरण करण्याचा याहून योग्य मार्ग दुसरा नाहीं.