मनीप्लँटची छाटणी व नवीं रोपें

नाशिककडील द्राक्षबागाईतदार आपल्या वेली वर्षांतून दोन वेळां छाटतो. एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत गोडी छाटणी. त्या वेळीं बाग उजाड दिसते, परंतु पुढील फुटीची व घडांची तयारी त्या कापण्यांतच असते. घरांतील मनीप्लँटवर मात्र कात्री चालविण्यास आपण कचरतों. वेल खिडकीच्या गजांतून बाहेर पडते, कपाटामागें शिरते, बुडाशीं उघडी पडते आणि शेंड्याशीं चारदोन पानें तेवढीं राहतात. शेवटीं शोभा गेली म्हणून ती कुंडीसकट टाकून दिली जाते. वस्तुतः योग्य जागा ओळखून कापिलें, तर तीच वेल पुन्हां दाट होते व तिच्यापासून कित्येक नवीं रोपें मिळतात. म्हणून कोठें कापावें व कां कापावें, याचा येथें विचार करूं.

ही वेल मूळची आपल्याकडील नव्हे. पॅसिफिक महासागरांतील सोसायटी बेटांपैकीं मोओरेआ हें तिचें मूलस्थान होय. ती स्वभावतः वृक्षांवर चढणारी आहे. बागेंत एखाद्या मोठ्या झाडावर चढलेली मनीप्लँट पहावी. तिचीं पानें हातभर लांब व कडांशीं चिरलेलीं असतात. घरांतील लहान पानांची वेल तीच. चढण्यास आधार व पुरेसा उजेड न मिळाल्यानें ती बाल्यावस्थेंतच राहते.

कापण्यापूर्वीं वेल नीट न्याहाळावी. देंठ खोडास जेथें चिकटतो, ती किंचित् फुगीर जागा म्हणजे पेरें, आणि दोन पेऱ्यांमधील भाग म्हणजे कांडें. पेऱ्याशीं एक तपकिरी गांठ दिसते. तिच्यांतून मुळें फुटतात. तेथेंच पानाच्या बगलेंत एक डोळा निजलेला असतो. उसाचें बेणें करतांना शेतकरी डोळे पाहून टिपऱ्या पाडतो, कारण डोळ्यावांचून कोंब नाहीं. तोच नियम येथें लागू आहे.

हे डोळे निजून कां राहतात? वाढत्या शेंड्यांत ऑक्सिन नांवाचें द्रव्य तयार होऊन खालीं उतरतें व बाजूच्या डोळ्यांस दाबून ठेवतें. १९३३ सालीं थीमन व स्कूग या संशोधकांनीं बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापून त्या जागीं वाढीचें द्रव्य लाविलें, तेव्हां खालचे डोळे दबूनच राहिले. द्रव्य न लाविलेल्या रोपांचे डोळे मात्र फुटले. पुढें २०१४ सालीं वाटाण्यावरील संशोधनांत असें दिसून आलें कीं, शेंडा जातांच डोळ्यांकडे साखर अधिक जाऊं लागते व तीही त्यांस जागें करते. सारांश, शेंडा छाटणें म्हणजे खालच्या डोळ्यांस संधि देणें होय.

आतां कृति. पावसाळ्याचा आरंभ हा उत्तम काळ. कात्री धारदार असावी व स्पिरिटनें पुसून घ्यावी. एका वेळीं वेलीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापूं नये. मूळ वेलीवर एखाद्या पेऱ्याच्या किंचित् वर कापावें, म्हणजे तेथील डोळा फुटतो. कापलेल्या भागाचे दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे करावे, खालचें पान काढावें व तें पेरें पाण्यांत बुडेल असा तुकडा ठेवावा. जागा उजेडाची असावी, परंतु कडक उन्हाची नसावी. साधारणतः दोन ते चार आठवड्यांत मुळें येतात. तीं दोन इंच झालीं कीं माती, कुजलेलें शेणखत व वाळू यांच्या मिश्रणांत रोप लावावें. कुंडीस तळाशीं भोंक अवश्य असावें. तीन-चार रोपें मूळ कुंडींतच लाविलीं, तर तिचें उघडें बूडही भरून येतें.

विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग अवश्य करावा. तीन पेले घ्यावे. एकांत देंठासह नुसतें पान, दुसऱ्यांत पेऱ्यासह पान व तिसऱ्यांत पान नसलेलें पण पेरें असलेलें खोड ठेवावें. दर आठवड्यास वहींत नोंद करावी. पहिल्या पेल्यांतील पान पुष्कळ दिवस हिरवें राहील व आशा लावील, पण त्यांतून नवी वेल निघणार नाहीं.

तीन गोष्टींची सावधगिरी हवी. या वेलीच्या रसांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात; पान चावल्यास तोंडाची आग होते व सूज येते. म्हणून ती तान्ह्या मुलांपासून व पाळीव जनावरांपासून दूर ठेवावी व काम होतांच हात धुवावे. दुसरें, पेल्यांतील पाणी दर तीन-चार दिवसांनीं बदलून पेला आंतून घासावा. डेंग्यू पसरविणारे डांस अशाच स्वच्छ सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालतात. तिसरें, उरलेले तुकडे ओढ्याकांठीं अथवा रानांत टाकूं नयेत. श्रीलंका व हवाई येथें ही वेल रानांत शिरून तेथील झाडांस जाचक झाली आहे.

मनीप्लँट चोरून आणली तरच लागते, अशी समजूत पुष्कळ घरांतून आढळते. ती लागते ती पेऱ्यामुळें, चोरीमुळें नव्हे. आपल्या वेलीचीं रोपें शेजाऱ्यापाजाऱ्यांस आपण होऊन द्यावीं, म्हणजे चोरण्याचें कोणास कारणच उरणार नाहीं.