मुंडावळ्या मुलांना ओवू द्या

आई-बाबांनो, उन्हाळ्याची सुट्टी लागली की नात्यात एखादं तरी कार्य निघतंच. मावशीचं लग्न, नाहीतर धाकट्या भावाची मुंज. मोठ्यांना क्षणाची उसंत नसते, पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला कुणी काही काम सांगत नाही. ‘मध्ये मध्ये येऊ नकोस’ एवढंच त्याच्या वाट्याला येतं. या वयाच्या मुलाला खरोखर उपयोगाचं आणि सगळ्यांच्या नजरेत भरेल असं काम देता येतं. नवरीच्या, नवऱ्याच्या किंवा बटूच्या मुंडावळ्या त्याला ओवायला द्या.

सामान थोडंच लागतं. 6 मिलिमीटरचे पांढरे मोती, मधे घालायला बारीक सोनेरी मणी, तंगूस आणि मागे बांधायला साटीनची फीत. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत भुलेश्वरला हे सगळं मिळतं. लहान गावात कटलरीच्या दुकानात विचारा. मोती प्लास्टिकचेच घ्या. काचेचे झकास दिसतात, पण जड असतात, आणि मुंडावळ्या कपाळावर बराच वेळ राहायच्या असतात.

माप घेण्यापासून सगळं मुलाकडे सोपवा. मावशीला समोर बसवून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, कपाळावरून, मुलाने साधा दोरा धरायचा. समजा, तो 12 इंच भरला. 6 मिलिमीटरचे साधारण चार मोती एका इंचात बसतात, म्हणजे कपाळावरच्या एका पदराला 48. असे दोन पदर, शिवाय दोन्ही कानांजवळ लोंबणाऱ्या चार-चार इंचांच्या दोन-दोन लडी. एकूण मोती किती, हे मुलालाच काढू द्या. उत्तर 160 येतं. सोनेरी मणी घातले की थोडे कमी लागतील, पण पुडी जास्तीचीच आणा, कारण मोती सांडतात. स्टीलच्या ताटात तर ते टणाटण उड्या मारतात. ताटात जुना टॉवेल अंथरा, म्हणजे मोती जागचे हलत नाहीत आणि तंगुसाच्या टोकाने अलगद उचलता येतात.

लोंबणाऱ्या लडीच्या शेवटी एक बारीक मणी ओवायचा, त्याला वळसा घालून तंगूस पुन्हा मोत्यांतून वर घ्यायचा. एवढी एक युक्ती कळली की लड सुटत नाही. तंगूस गुळगुळीत असल्याने त्याची साधी गाठ सरकते, म्हणून गाठ दुहेरी-तिहेरी हवी. उरलेलं टोक मेणबत्तीच्या धगीवर वितळवायचं, ते मात्र तुम्ही करा. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल, तर हे काम दार लावून, टेबलावरच. एवढासा मोती तोंडात, नाकात, कानात जायला वेळ लागत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. मूल झोपल्यावर त्याची लड उसवून ‘जरा सारखी’ करू नका. आपण हे प्रेमानेच करतो, कारण चार पाहुणे बघणार असतात. पण सकाळी मुलाला ते बरोबर कळतं, आणि पुढच्या वेळी ते मोती हातात घेत नाही. दोन सोनेरी मणी लागोपाठ आले असतील तर येऊ देत. गाठ सैल असेल तर मात्र गप्प बसू नका. ऐन मंगलाष्टकात लड सुटली तर त्या मुलाला केवढं वाईट वाटेल! दिवसाउजेडी, त्याच्या देखत, ‘ही गाठ ओढून बघ बरं’ एवढंच म्हणा. सुटली तर ते स्वतःच पुन्हा बसेल.

मुलग्यांनाही बसवा. ज्याची मुंज आहे त्याने स्वतःच्या मुंडावळ्या स्वतः ओवाव्यात, याहून छान काय असेल? संध्याकाळी आजीलाही जवळ बोलवा. तिच्या पिढीत रुखवतासाठी मण्यांची तोरणं घरोघरी व्हायची. तिला मूद, राखडी, केवडा हे केसांतले दागिने विचारा. कोणता कुठे माळायचा, हे सांगताना तिचा चेहरा बघा.

मुलीला स्वतःच्या केसांसाठी काही हवं असेल, तर 28 गेजची वीतभर तार घ्या. मधोमध एक मोती ओवून तार दुमडायची आणि मोत्याला धरून पीळ द्यायचा, की दांडीवरचा मोती तयार. असे पाच-सहा एकत्र करून यू पिनेला गुंडाळायचे. तारेची टोकं आत वळवा, नाहीतर ती डोक्याला टोचतात. असल्या पिना बसाव्यात म्हणून पोरीचे केस करकचून ओढू नका. रोज तसं केलं तर कपाळावरचे केस विरळ होतात, आणि एका दिवसापुरतं ओढलं तरी ती सगळं कार्य डोकं धरून बसते.

यंदा तुमच्याकडे कार्य असेल तर मुंडावळ्या विकत आणू नका. आठ-दहा दिवस आधी मोत्यांची पुडी आणा, आणि मुलाने जे ओवलं असेल तेच त्या दिवशी बांधा. पाहुण्यांनी विचारलं, तर कुणी केल्या ते त्याच्यासमोर, नाव घेऊन सांगा.