मटण वातड का होते?

[मांस शिजवणे हे आपल्या घरातले नेहमीचे काम आहे. कधी मांस अगदी मऊ होते, तर कधी चावता चावत नाही. असे का होते आणि मोठ्या आचेवर परतलेले मांस मऊ कसे ठेवावे, हे या पाठात सांगितले आहे.]



समजा, आज तुमच्या घरी पाव किलो मटण आणले आहे. चायनीजच्या गाडीवर पाहिले तसे, मोठ्या आचेवर भाजीबरोबर परतून ते करायचे असे तुम्ही ठरवले. तुम्ही मटणाचे मोठे मोठे तुकडे केले, सगळे एकदम कढईत टाकले आणि पंधरा मिनिटे परतत राहिलात. रंग छान आला. वासही छान सुटला. सगळे जेवायला बसले. दादींनी एक तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चघळला. मग हळूच ताट बाजूला सारून त्या म्हणाल्या, “आज मला भूक नाही.”

दादींना भूक होती. पण मटण वातड झाले होते.

मटण महाग असते. त्यासाठी एका प्राण्याचा जीव गेलेला असतो. असे अन्न घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खाता आले नाही, तर वाईट वाटणारच. मग चूक कुठे झाली? ती आपण शोधून काढू या.

मांस म्हणजे प्राण्याचे स्नायू. मटणाचा एक तुकडा हातात घेऊन नीट पाहा. त्यात एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेषा दिसतील. हे स्नायूंचे तंतू. या तंतूंना बांधून ठेवणारे पांढरट, चिवट पडदेही दिसतील. या पडद्यांत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. प्राण्याचा जो भाग जास्त काम करतो, त्यात कोलॅजन जास्त असते. बकरा दिवसभर पायांवर उभा राहतो, चरताना मान खाली-वर करतो. म्हणून नळीचे आणि मानेचे मांस चिवट असते. पाठीला तेवढे श्रम पडत नाहीत. म्हणून पाठीचे मांस कोवळे असते.

मांसाला आच लागली की दोन गोष्टी घडतात. पहिली गोष्ट फार लवकर घडते. तंतू आखडतात आणि ओला कपडा पिळावा तसे मांसातले पाणी बाहेर पडते. दुसरी गोष्ट सावकाश घडते. पाण्यात, मंद आचेवर, बऱ्याच वेळाने कोलॅजन विरघळते आणि त्याचे जिलेटिन होते. मग तंतू सुटे होतात आणि मांस मऊ लागते.

तुम्ही निहारी खाल्ली असेल. ती रात्रभर मंद आचेवर शिजते. खाल्ल्यावर बोटे एकमेकांना चिकटतात, ते या जिलेटिनमुळेच. ‘निहारी’ हे नाव सकाळ किंवा दिवस या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले आहे. मराठीत सकाळच्या खाण्याला ‘न्याहारी’ म्हणतात. हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत!

आता नियम सोपा झाला. मांस शिजवण्याच्या दोन चांगल्या वाटा आहेत. एक तर पातळ कापून अगदी थोडा वेळ परतावे. म्हणजे तंतूंतले पाणी आतच राहते. नाही तर पाणी घालून सावकाश शिजवावे. म्हणजे कोलॅजन विरघळते. मधली वाट मात्र फसवी आहे. पंधरा मिनिटांत पाणी निघून गेले, पण कोलॅजन तसेच राहिले. दादींच्या ताटातले मटण असे मधेच अडकले होते.

पटकन परतण्याची कला चीनमध्ये फार जुनी आहे. तेथे मांस आणि भाजी आधी बारीक कापून घेतात आणि खोलगट कढईत काही मिनिटांत परततात. बीजिंग शहरात पातीच्या कांद्याबरोबर परतलेले मांस आवडीने खातात. चीनमधील हुई मुसलमानांच्या घरांतही हा पदार्थ होतो. चला, तसाच पदार्थ आपण आपल्या घरी करू या. मात्र चाकू आणि आच यांचे काम आहे. म्हणून घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.

पहिले काम खाटकाकडे. कोवळ्या बकऱ्याचे, बिनहाडाचे, पाठीचे किंवा रानेचे पाव किलो मटण मागा. नळीचे मांस निहारीसाठी राहू द्या.

दुसरे काम चाकूचे. फ्रिज असेल तर मटण अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवा. ते थोडे घट्ट होते आणि पातळ कापता येते. आता रेषा कोणत्या दिशेने जातात ते पाहा आणि चाकू त्यांच्यावर आडवा चालवा. दोरी उभी चिरली तर लांब धागे तसेच राहतात. आडवी कापली तर धाग्यांचे लहान लहान तुकडे होतात. मांसाचेही तसेच आहे. जे काम दातांनी करायचे, ते चाकूने आधीच केलेले असते. कापांची जाडी सुमारे ३ मिलिमीटर असावी.

तिसरे काम सोड्याचे. अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात कालवून कापांना चोळा. २० मिनिटांनी काप दोन-तीन वेळा पाण्याने धुऊन, निथळून, कोरडे करा. सोड्यामुळे आच लागल्यावर मांसातील प्रथिने फार घट्ट आवळली जात नाहीत. जास्त सोडा घालू नका. साबणासारखी चव येते. कोंबडीचे मांस मुळातच कोवळे असते. त्याला सोडा लागत नाही.

अम्मी कबाबाला कच्ची पपई लावतात, हे तुम्ही पाहिले असेल. कच्च्या पपईत पेपेन नावाचे द्रव्य असते. ते प्रथिने तोडते. पण पातळ कापांवर पपई फार वेळ ठेवली, तर त्यांचा लगदा होतो. म्हणून येथे सोडाच बरा.

यानंतर कापांना एक मोठा चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आणि थोडे तेल लावा. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर मांसातला रस धरून ठेवतो. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ चव पाहून घाला.

शेवटचे काम आचेचे. कढई चांगली तापवा. दोन मोठे चमचे तेल घाला. आता निम्मेच काप टाकून पसरा. सगळे एकदम टाकले तर कढई थंड होते, मांसाला पाणी सुटते आणि परतणे राहते बाजूला, उकडणे सुरू होते. अर्ध्या मिनिटाने काप हलवा. आणखी दीड-दोन मिनिटे परतून काढून घ्या. उरलेले कापही असेच परता. मग त्याच कढईत आले, लसूण आणि पातीचा कांदा परता, सगळे मांस परत घाला, एक मिनिट हलवा आणि गॅस बंद करा. एक काप तोडून पाहा. आत कच्चा, लाल भाग राहता कामा नये. कोंबडीच्या बाबतीत तर हे कधीच विसरू नका. कच्च्या मांसाचा चाकू आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय त्यावर भाजी कापू नका.

आणि एवढे करूनही मटण वातड झालेच तर? ते टाकू नका. पेलाभर गरम पाणी घाला, झाकण ठेवा आणि मंद आचेवर तासभर शिजू द्या. मधून मधून पाणी पाहा. पहिली वाट चुकली, तरी दुसरी वाट उघडीच असते.

आता पुन्हा ताटे मांडा. दादींना पहिल्यांदा वाढा. त्या काही बोलल्या नाहीत तरी चालेल. त्यांचे रिकामे ताट तुम्हांला सगळे सांगेल.

शब्दार्थ
वातड – चिवट, चावायला कठीण
आच – विस्तवाची उष्णता
तंतू – बारीक धागे
आखडणे – आकसून लहान होणे
कोवळे – नाजूक, मऊ
निथळणे – पाणी गळून जाऊ देणे
लगदा – अगदी मऊ झालेला गोळा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादींनी ताट बाजूला का सारले?
(आ) निहारी खाल्ल्यावर बोटे का चिकटतात?
(इ) कापांना कॉर्नफ्लोअर का लावतात?
२. कारणे द्या.
(अ) मानेचे मांस चिवट असते.
(आ) सगळे काप एकदम कढईत टाकू नयेत.
३. ‘मधली वाट फसवी आहे’ असे लेखकाने का म्हटले आहे? तुमच्या शब्दांत लिहा.
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : मऊ, पातळ, सावकाश, महाग.
५. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे स्वयंपाकघरातील पाच शब्द घरी विचारून लिहा.