परिसर अभ्यास : उडणारी खार

मुलांनो, शेकरू हा आपला राज्यप्राणी. तो दिवसा फिरतो. त्याचीच एक नातेवाईक मात्र अंधार पडल्यावर बाहेर निघते. ती म्हणजे उडणारी खार. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्ली, सिरोंचा भागातल्या जंगलात ती आढळते.

नाव 'उडणारी' असलं तरी तिला पंख नाहीत. तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये केसाळ कातडीचा पडदा असतो. उंच झाडावरून झेप घेताना ती चारही पाय ताणते. पडदा पतंगासारखा पसरतो आणि ती तरंगत दुसऱ्या झाडावर उतरते. फळे, कोवळी पाने, साल हे तिचे अन्न.

ऑस्ट्रेलियातला शुगर ग्लायडरही असाच तरंगतो. पण तो कांगारूसारखा पिशवीवाला प्राणी. त्याचे पिल्लू आईच्या पोटावरच्या पिशवीत वाढते. आपल्या खारीला पिशवी नसते. तिचे पिल्लू जुन्या झाडाच्या ढोलीत वाढते. अशी ढोली तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून पोकळ झाड 'काय कामाचं?' म्हणून तोडायचं नाही. ते कुणाचं तरी घर असतं.

सांगा पाहू : जंगलातली झाडं तुटून लांब लांब राहिली, तर ही खार या झाडावरून त्या झाडावर कशी जाईल?